अर्ध्या सेकंदाचं गाऱ्हाणं

रायगडावर नगारखान्याच्या दरवाजाखाली उभं राहून कुणी हलक्या आवाजात बोललं, तर ते समोर राजसदरेवर, सिंहासनाच्या जागेपाशी, स्वच्छ ऐकू येतं. गडावर सहलीला गेलेल्या बहुतेक मुलांनी हा खेळ खेळलेला असतो. एक जण इकडे कागद फाडतो, दुसरा तिकडून हात वर करून ऐकल्याची खूण करतो. मधलं अंतर सुमारे दोनशे फूट, म्हणजे साठेक मीटर. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे कागद फाटल्यावर सिंहासनापर्यंत तो आवाज पोहोचायला ०.१८ सेकंद लागतात.

आता दुसरा हिशोब करू. मुंबईहून रायगडाजवळचं महाड रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तेवढ्याच लांबीची काचेच्या तंतूची केबल आहे असं धरा. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते महाड ही मजल मारायला त्याला एक हजारांश सेकंदही लागत नाही. नगारखान्यातला आवाज सिंहासनापर्यंत जातो तेवढ्या वेळात प्रकाश मुंबई-महाड अशा शंभर खेपा जाऊन-येऊन करील.

मग २ जून २०२३ ला काय झालं ते सांगतो. शिवराज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षाचा तिथीप्रमाणे सोहळा गडावर चालू होता आणि मी पोलादपुरात घरी बसून मोबाइलवर त्याचं थेट प्रक्षेपण पाहत होतो. माझा भाचा गडावर होता. फोनवर त्याच्या मागे तुतारी वाजली, जयजयकार झाला, तो फोन ठेवूनही मोकळा झाला. आणि माझ्या पडद्यावर तुतारीवाल्याने तुतारी ओठांना लावली ती त्यानंतर अर्ध्या मिनिटाने. प्रकाशाला जिथे एक हजारांश सेकंद पुरतो तिथे हे अर्धं मिनिट जातं कुठे? मला वाटायचं, आमच्या डोंगराळ भागातल्या नेटवर्कचाच हा दोष. तो काही अंशी आहे, पुढे त्याबद्दल लिहिणारच आहे. पण त्या अर्ध्या मिनिटातला मोठा भाग अंतरामुळे किंवा डोंगरामुळे आलेला नसतो. तो जाणूनबुजून थांबल्यामुळे येतो, आणि हे थांबणं समजलं की या सगळ्या तंत्रज्ञानाचं मर्म समजतं.

आमच्या पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, घेतल्यावर गडावर आग पेटवून राजगडाला विजयाची खूण दिली, असं सांगतात. सिंहगड ते राजगड सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आसपास. त्या आगीचा उजेड एका सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात राजगडाच्या तटावर पोहोचला असणार. आजच्या कुठल्याही मोबाइलपेक्षा ही बातमी वेगवान होती. पण त्या उजेडात मजकूर किती? गड घेतला, एवढाच. तानाजी पडले हे त्या आगीला सांगता आलं नाही. संदेश किती लवकर पोहोचतो आणि एका वेळी किती पोहोचतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलच्या जाहिरातीत ज्याला ‘स्पीड’ म्हणतात तो खरं तर दुसरा प्रकार, म्हणजे नळाची रुंदी. पाणी टाकीपासून नळापर्यंत यायला किती वेळ लागतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

चित्रात मजकूर मात्र अफाट असतो. ज्याला आपण फुल एचडी म्हणतो त्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, एकूण वीस लाखांवर. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं, असं धरलं तर सेकंदाला सव्वाशे कोटी बिट होतात. फोरकेला त्याच्या चौपट, म्हणजे जवळपास पाचशे कोटी. एवढं कुठल्याही वाडीतल्या मोबाइलला पेलणारं नाही. म्हणून चित्र आवळावं लागतं. ते आवळण्याची युक्ती राज्याभिषेकाच्या प्रक्षेपणात सहज दिसते. मेघडंबरी तीच, सदरेचं जोतं तेच, मागचा डोंगर तोच. हलतात ती माणसं आणि भगवा. तेव्हा एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि त्यापुढच्या चित्रांत फक्त काय बदललं, काय कुठून कुठे सरकलं, एवढंच सांगायचं. अशा रीतीने सव्वाशे कोटींचं ओझं पन्नास लाखांवर येतं, आणि डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही.

या बचतीची किंमत आहे. पुढचं प्रत्येक चित्र मागच्यावर अवलंबून राहतं. मधलं एखादं हरवलं की पुढची सगळी बिघडतात. माणसाचा चेहरा चौकोनी ठिकऱ्यांत विरघळतो, भगव्याची शेपटी आभाळात चिकटून राहते. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत हे निस्तरत नाही. मोबाइलवर मध्येच व्हिडिओ सुरू करताना क्षणभर थांबावं लागतं त्याचं एक कारण हेच. मधल्या कुठल्याही क्षणी आत शिरता येत नाही, पूर्ण चित्राचा दरवाजा येईपर्यंत थांबावं लागतं.

आता अर्ध्या मिनिटाकडे येऊ. मोबाइलवर आपण जे ‘लाइव्ह’ पाहतो ते नदीसारखं सलग वाहत येत नाही, ते तुकड्यातुकड्यांनी येतं. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली पद्धत आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेली डॅश ही पद्धत, दोन्हींचं तत्त्व एकच आहे. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा साध्या वेबपानासारखा सर्व्हरवर ठेवायचा आणि फोनने तो एकेक मागून घ्यायचा. अ‍ॅपलने सुरुवातीला दहा सेकंदांचा तुकडा सुचवला होता, पुढे तो सहावर आणला. आता पाहा. सहा सेकंदांचा तुकडा पाठवायचा तर आधी ते सहा सेकंद घडून जायला हवेत. फोन साधारण तीन तुकडे हाताशी साठवल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही, म्हणजे अठरा सेकंद. त्यात चित्र आवळण्याचा, सर्व्हरवर चढवण्याचा, वाटेतल्या गोदामांत पोहोचण्याचा वेळ मिळवा. झालं अर्धं मिनिट.

साठवायचे कशाला? पोलादपूरच्या उंचावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पाणी कसं येतं हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी येतं तेव्हा भरभरून येतं, नाही येत तेव्हा थेंब नाही. म्हणून घरोघरी टाकी. टाकी भरलेली असेल तर वरून पाणी तुटलं तरी नळ चालू राहतो. फोनमधला साठा ही अशी टाकी आहे. नेटवर्क दहा सेकंद गेलं आणि टाकीत अठरा सेकंदांचं चित्र असलं, तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र दिसतं तेव्हा टाकी रिकामी झालेली असते. उशीर आणि अखंडपणा यांचा हा सौदा आहे. टाकी लहान केली तर चित्र ताजं मिळतं पण तुटतं. मोठी केली तर तुटत नाही पण शिळं होतं.

तुकड्यांचा आणखी एक फायदा आहे. एकच तुकडा सर्व्हरवर पाच-सहा प्रतींत ठेवलेला असतो, एकदम स्वच्छ ते अगदी धूसर. मागचा तुकडा यायला किती वेळ लागला ते पाहून फोन पुढचा कुठला मागायचा ते ठरवतो. घाटात दरड आली, मोठी गाडी जाईना, की प्रवासी जीपमध्ये बसवून पुढे काढतात. प्रवासी तेच, गाडी लहान. चित्र अचानक धूसर होतं तेव्हा फोनने जीप केलेली असते. थांबण्यापेक्षा धूसर बरं, असा त्याचा निर्णय, आणि माझ्या मते तो बरोबर आहे.

क्रिकेटच्या वेळी मात्र हा उशीर वाडीभर ऐकू येतो. २९ जून २०२४ च्या रात्री टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक. हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर मिलरने उंच मारलेला चेंडू सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर झेलला. आमच्या आळीत ज्यांच्याकडे छतावर डिश होती त्या घरांतून आधी आरोळी उठली. मोबाइलवाले तेव्हा पंड्याचा रनअपही सुरू झालेला नाही अशा काळात बसले होते. डिशचा सिग्नल छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली येतो, म्हणजे अंतर प्रचंड. तरी तो आधी, कारण त्यात टाकी भरत बसण्याची गरज नाही. आकाशातून एकच धार पडते, ज्याची डिश असेल त्याने झेलावी. मोबाइलवर मात्र प्रत्येक पाहणाऱ्याला वेगळी प्रत द्यावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकी सेकंदाला तीस लाख बिट धरले, तर ते १७७ लाख कोटी बिट होतात, दर सेकंदाला. हे एका सर्व्हरचं काम नाही. म्हणून देशभरच्या शहरांत, मोबाइल कंपन्यांच्या केंद्रांजवळ, तुकड्यांच्या प्रतींची गोदामं असतात. एकाने मागितलेला तुकडा तिथे राहतो, पुढच्या हजारांना तो तिथूनच मिळतो.

चित्र आणि आवाज यांची सांगड ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठीतून समालोचन होतं. एकच सामना बारा भाषांत द्यायचा आणि चित्राच्या सहा प्रती ठेवायच्या, तर सरळ हिशोबाने बाहत्तर संच लागतील. तंत्र असं सांगतं की चित्राच्या सहा प्रती वेगळ्या ठेवा, आवाजाच्या बारा वेगळ्या ठेवा, आणि फोनमध्ये हवी ती जोडी लावा. अठरात काम भागतं. पण मग चित्र एका वाटेने आणि आवाज दुसऱ्या वाटेने येणार. ते जुळवायचं कसं?

त्यासाठी प्रत्येक चित्रावर आणि आवाजाच्या प्रत्येक कणावर वेळेचा शिक्का मारलेला असतो. चित्रवाणीच्या एमपेग मानकात या शिक्क्यांच्या घड्याळात एका सेकंदाचे ९०,००० भाग असतात. हा आकडा मोठ्या जाणतेपणाने निवडलेला आहे. सिनेमाची चित्रं सेकंदाला २४, आपल्या टीव्हीची २५, आणि ३० चाही प्रघात आहे. ९०,००० ला तिन्हींनी निःशेष भाग जातो. एका चित्राला अनुक्रमे ३७५०, ३६०० आणि ३००० ठोके. कुठेही अपूर्णांक उरत नाही, त्यामुळे तीन तासांच्या सामन्यातही आवाज चित्रापासून हळूहळू घसरत जात नाही. फोन शिक्के वाचतो, जो लवकर आला त्याला थांबवतो, उशिरा येणाऱ्याची वाट पाहतो आणि दोघांना एकाच ठोक्यावर सोडतो.

हे जुळणं किती काटेकोर हवं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत याची मापं आहेत. आवाज चित्राच्या ४५ हजारांश सेकंद आधी आला की माणसाला ते जाणवू लागतं. पण आवाज मागे पडला तर १२५ हजारांश सेकंदांपर्यंत जाणवत नाही. ही तफावत का, याचं उत्तर सावित्रीच्या काठी मिळतं. पलीकडच्या काठावर कुणी बाई दगडावर धुणं आपटत असते. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. चाळीसेक मीटरवरून तो सव्वाशे हजारांश सेकंदांनी येतो. पालखीपुढचा ढोल लांबून पाहा, टिपरू पडताना दिसतं आणि घुमारा मागाहून. माणसाच्या मेंदूने जन्मभर हेच पाहिलेलं असतं, म्हणून मागे राहिलेला आवाज तो सांभाळून घेतो. आवाज आधी आणि कृती नंतर हे निसर्गात कधी घडतच नाही, म्हणून ते लगेच खटकतं.

आता यात पाहणाऱ्याचा हात घालू. राज्याभिषेकाच्या प्रक्षेपणात कॅमेरा जे दाखवील तेच आपण पाहतो. मला मात्र त्या वेळी पुढाऱ्यांच्या रांगेत रस नव्हता, मला होळीच्या माळावर काय चाललंय ते जवळून पाहायचं होतं. समजा गडावर उंचावर एकच एटके कॅमेरा लावला आणि त्याने सगळा परिसर टिपला. एटके म्हणजे आडवे ७६८० आणि उभे ४३२० ठिपके. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ पासून अशा चित्राचं नियमित प्रक्षेपण सुरू केलं. एवढं चित्र फोनवर पाठवणं शक्य नाही आणि गरजही नाही, कारण फोनच्या पडद्यावर तेवढे ठिपकेच नसतात. पण त्याचे आडवे चार आणि उभे चार असे सोळा चौकोन पाडले, तर प्रत्येक चौकोन बरोबर एका फुल एचडी चित्राएवढा होतो. मी बोटांनी होळीचा माळ मोठा केला की फोनने तेवढाच चौकोन मागायचा. पंधरा चौकोनांचं ओझं वाचलं. २०१३ मध्ये आलेल्या एचईव्हीसी या आवळण्याच्या मानकात चित्राचे असे चौकोन वेगवेगळे उलगडण्याची सोय आहे, आणि डॅश पद्धतीत कुठला चौकोन चित्रात कुठे बसतो हे सांगण्याचीही.

अडचण दोन ठिकाणी येते. बोट फिरवल्यावर पडदा शंभरेक हजारांश सेकंदांत हलला तरच माणसाला तो हाताशी असल्यासारखा वाटतो. पण नवा चौकोन सर्व्हरवरून यायला आणि त्यातलं पूर्ण चित्र सापडायला सेकंदभर तरी जातो. यावर तोडगा असा, की सगळ्या दृश्याची एक धूसर प्रत कायम सोबत येत राहते. बोट हललं की आधी तीच ताणून दाखवायची आणि स्वच्छ चौकोन आला की वर चढवायचा. मोबाइलवरच्या नकाशात गाव आधी पुसट दिसून मग उजळतं, तसंच. दुसरी अडचण चौकोनांच्या शिवेवरची. दांडपट्टा फिरवणारा मावळा एका चौकोनातून दुसऱ्यात जातो आणि दुसरा चौकोन पाव सेकंद मागे असेल, तर तो शिवेवर अर्धा कापला जातो. म्हणजे सोळा चौकोनांनीही एकाच घड्याळावर चालायला हवं. मला हे तंत्र फार मोलाचं वाटतं. गडावर दर वर्षी येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या बोटाने गड फिरता यावा, आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर लोटणारा जनसमुदाय दूरच्या माणसाला स्वतःच्या नजरेने न्याहाळता यावा. दिग्दर्शकाने निवडून दाखवलेला दिवस आणि स्वतः हिंडून पाहिलेला दिवस यांत फरक असतो.

पण एकच घड्याळ म्हणजे कुणाचं? गडावरच्या कॅमेऱ्याचं, मुंबईच्या सर्व्हरचं, की माझ्या फोनचं? प्रत्येक यंत्रातला स्फटिक थोडा मागे-पुढे धावतो. ही घड्याळं दुरून जुळवण्याची रीत डेव्हिड मिल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडली आणि पुढे डेलावेअर विद्यापीठात ती घडवत नेली. मिल्स यांना जन्मापासून काचबिंदू होता, उतारवयात नजर पूर्ण गेली. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले. जगभरचे संगणक आजही त्यांच्या रीतीने वेळ विचारतात.

ती रीत आंबेनळी घाटातल्या एसटीवर समजावता येते. मी पोलादपुरात, मित्र महाबळेश्वरला, आणि फक्त चिठ्ठीने घड्याळं जुळवायची आहेत. चिठ्ठी निघताना मी माझी वेळ लिहितो. मित्र ती मिळाल्याची आणि परत पाठवल्याची त्याच्या घड्याळातली वेळ लिहितो. चिठ्ठी परत आली की मी माझी वेळ पाहतो. एकूण वेळातून मित्राकडे गेलेला वेळ वजा केला की प्रवासाचा वेळ उरतो. त्याचा अर्धा म्हणजे एका बाजूचा प्रवास. तेवढ्यावरून दोन घड्याळांतला फरक निघतो. पण यात जाणं आणि येणं सारखंच लागतं असं गृहीत धरलंय. घाट चढायला दीड तास आणि उतरायला सत्तर मिनिटं लागली, तर फरकाच्या निम्मी, म्हणजे दहा मिनिटांची चूक घड्याळात राहते. मोबाइलच्या जाळ्यातही फोनकडून टॉवरकडे जाणारी वाट आणि उलटी वाट सारखी नसते. म्हणून एका चिठ्ठीवर विसंबत नाहीत. पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या धाडतात आणि सगळ्यात लवकर परतलेल्या चिठ्ठीवर अधिक भरवसा ठेवतात, कारण तिला वाटेत गर्दी लागलेली नसते.

घड्याळं जुळली की वेगवेगळ्या गावांतल्या पडद्यांवर एकच क्षण एकाच वेळी दाखवता येतो. २०१४ मध्ये यासाठी इंटरनेटचं मानकही झालं. प्रत्येक फोन कळवतो, मी अमुक चित्र अमुक वेळी दाखवलं. मधला समन्वयक सगळ्यांत मागे कोण आहे ते पाहतो आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबायला सांगतो. पुढचे फोन आपली चाल एक-दोन टक्क्यांनी मंद करतात, डोळ्याला ते कळत नाही आणि थोड्या वेळात सगळे एका ओळीत येतात. चित्त दरवाजाकडून गड चढणारं कुटुंब आजीच्या चालीने चढतं, तसं.

मात्र आजीचा पत्ताच लागला नाही तर? आमच्या भागात हा प्रश्न पावसाळ्यात रोजचा असतो. टॉवरला येणारी वाट सगळीकडे केबलची नसते, अनेक ठिकाणी ती टॉवरवरच्या ढोलासारख्या दिसणाऱ्या डिशवरून हवेतून येते. या लहरी काही सेंटिमीटर लांबीच्या, किंवा त्याहूनही आखूड. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. घरच्या डिशचं चित्र जोराच्या सरीत जातं त्याचं कारणही तेच. शिवाय लहर जितकी आखूड तितकी ती डोंगराआड वळत नाही. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर त्रेचाळीस सेंटिमीटरची, ३५०० ची साडेआठची. शहरात फाइव्ह-जीचा वेग देणारी आखूड लहर दरीतल्या वाडीकडे पाठ फिरवते. त्यात रस्त्याच्या कामात केबल तुटते, वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते.

२२ जुलै २०२१ ला हे सगळं एकदम झालं. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस कोसळला. सावित्री उगम पावते ती तिथेच. महाड पाण्याखाली गेलं, वीज गेली, फोन मुके झाले. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं घेतली. बाहेर कळायला आणि मदत पोहोचायला मोलाचे तास गेले. तेव्हापासून मी चित्राच्या स्वच्छतेचे आकडे वेगळ्या नजरेने वाचतो. फोरके, एटके सगळं हवंच, पण आमच्या वाड्यांना आधी हवा आहे तो सिंहगडावरच्या आगीएवढा मजकूर, जो हमखास आणि सगळ्यांना एकाच क्षणी पोहोचेल.

त्याची सोय तंत्रात आहे. साधा एसएमएस म्हणजे घरोघरी जाऊन कडी वाजवणं. दहा हजार फोन असतील तर दहा हजार खेपा, आणि संकटाच्या वेळी वाट तुंबलेली. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टापूतले सगळे फोन एकदम ऐकतात. कुणाचा नंबर माहीत असण्याची गरज नाही आणि माणसं वाढली म्हणून उशीर होत नाही. २०२३ मध्ये देशभर याच्या चाचण्या झाल्या. सगळ्यांच्या खिशात एकाच वेळी मोठा भोंगा वाजला होता, तो हाच. आता टॉवरच्या बॅटऱ्या पावसाळ्याच्या रात्रभर टिकतील एवढ्या असाव्यात, ही मागणी आम्ही चित्राच्या स्वच्छतेआधी करतो.

राहता राहिली आरती. गणपतीत आमच्या घरचे निम्मे चाकरमानी सुट्टी न मिळाल्याने मुंबईत अडकतात. मग मखरापुढे समईजवळ मोबाइल टेकवून व्हिडिओ कॉल लावला जातो. इथे तुकडे आणि अठरा सेकंदांची टाकी चालत नाही, कारण माणसं एकमेकांशी बोलत असतात. बोलण्यात एका बाजूचा उशीर १५० हजारांश सेकंदांच्या आत असावा असं दूरसंचार संघ सांगतो. म्हणून कॉलमध्ये टाकी अगदी वाटीएवढी असते, आणि हरवलेलं चित्र परत मागण्यापेक्षा सोडून दिलं जातं. तरीही कॅमेरा, आवळणं, टॉवर, ती वाटी आणि वर ब्लूटूथचा स्पीकर मिळून पाव सेकंद सहज होतो.

बोलायला तेवढं चालतं, टाळ्यांना नाही. एकत्र वाजवणाऱ्यांना पंचवीस-तीस हजारांश सेकंदांपलीकडचा उशीर सोसत नाही. दहा मीटरवर बसलेल्या झांजेचा आवाज हवेतून यायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून भजनी मंडळ दाटीने बसतं. फोनवर मात्र आमची टाळी मुंबईला पाव सेकंदाने पोहोचते, ते तिच्याबरोबर टाळी देतात, ती आम्हाला आणखी पाव सेकंदाने ऐकू येते. अर्धा सेकंद म्हणजे आरतीच्या चालीत अख्खी एक टाळी. आम्ही त्यांच्यासाठी मंदावतो, ते आमच्यासाठी मंदावतात आणि दोन कडव्यांत चाल पार ढेपाळते. इटलीतल्या त्रिएस्तेच्या संगीत विद्यालयात आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला यावर चांगलं काम झालंय. आवाज न आवळता, टाकी जवळजवळ न ठेवता, थेट केबलवरून पाठवायचा, की दूरच्या दोन शहरांतले वादक एकत्र वाजवू शकतात. वाडीतल्या मोबाइलवर ते अजून यायचं आहे. तोवर आम्ही आरतीपुरता मुंबईचा माइक बंद ठेवतो. तिकडे ते आमच्या आवाजावर टाळ्या वाजवतात, त्यांच्या खोलीत ताल जुळलेला असतो, आणि आमच्या खोलीत आमचा.

आरती संपली की गाऱ्हाणं. तेव्हा मुंबईचा माइक उघडतो. काका हात जोडून देवापुढे एकेकाचं नाव घेतात, कुणाची नोकरी, कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा, आणि प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबतात. घरातले ‘होय महाराजा’ म्हणतात. त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदाने, समईजवळच्या मोबाइलमधून मुंबईचं ‘होय महाराजा’ येतं. ते ऐकू आल्याशिवाय काका पुढचं नाव घेत नाहीत.